शर्यतीची मोटार : मोडण्याचे शास्त्र

दि. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहरीनमधील साखीर येथे फॉर्म्युला वन शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रोमाँ ग्रोजाँ या फ्रेंच चालकाची मोटार ताशी १९२ कि.मी. वेगाने मार्गाकडेच्या पोलादी कठड्यावर आदळली. मोटारीचे दोन तुकडे झाले. इंजिनाचा भाग मागे राहिला, चालकाचा भाग कठडा भेदून आत घुसला आणि इंधनाने पेट घेतला. आघाताचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. सत्तर किलो वजनाचा माणूस क्षणभर साडेचार टनांहून अधिक वजनाचा व्हावा, असा हा जोर! तथापि सुमारे २७ सेकंदांनी ग्रोजाँ ज्वाळांतून बाहेर आला. त्याचे हात भाजले होते आणि एक बूट आतच अडकून राहिला होता.

अशा प्रसंगी आपण दैवाचा हवाला देतो. परंतु १९७३ साली हॉलंडमधील झांडव्होर्ट येथे रॉजर विल्यमसन हा तरुण इंग्लिश चालक उलटलेल्या, पेटलेल्या मोटारीखाली अडकून मरण पावला, त्याची आठवण येथे ठेवली पाहिजे. डेव्हिड पर्ली या सहस्पर्धकाने आपली मोटार थांबवून एकट्याने ती सरळ करण्याची शिकस्त केली. मार्गसेवकांकडे अग्निरोधक पोशाखदेखील नव्हते. या दोन घटनांमध्ये सत्तेचाळीस वर्षांचे अंतर आहे आणि या अंतरात जे घडले ते प्रामुख्याने अभियंत्यांच्या आणि नियम करणारांच्या खात्यावर जमा आहे.

मजबूत मोटार म्हणजे न मोडणारी मोटार, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. जोराचा चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे घेतो, कारण चेंडू थांबण्यास जितके अधिक अंतर मिळेल तितका हातावरील मार कमी होतो. मोटार अजिबात दबली नाही, तर तो मार आतल्या माणसाच्या मेंदूला आणि हृदयाला सोसावा लागतो. शिवाय वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते. म्हणून शर्यतीच्या मोटारीचे नाक आणि बाजूचे भाग क्रमाक्रमाने चुरा होत जातील असेच घडवलेले असतात. हा चुरा होताना ऊर्जा खर्च होते. मध्ये चालकाचा कक्ष मात्र अभंग राहिला पाहिजे. बाहेरचे सगळे मोडावे आणि आतले काहीच मोडू नये, अशी ही दुहेरी अपेक्षा असते.

ती पुरी करणारा पदार्थ म्हणजे कार्बन तंतू. केसाहून कितीतरी बारीक अशा तंतूंचे कापड विणून ते राळेत भिजवतात, साच्यात थरावर थर बसवतात आणि दाबाखाली भट्टीत तापवतात. थरांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी अल्युमिनियमची जाळी असते. मॅकलॅरेन संघासाठी जॉन बर्नार्ड या अभियंत्याने १९८१ मध्ये अशा कक्षाची मोटार प्रथम फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. आघात होताच हा पदार्थ काचेप्रमाणे फुटेल, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. त्याच वर्षी इटलीत मोन्झा येथे जॉन वॉटसनची मोटार आदळून तिचे इंजिन तुटून पडले आणि वॉटसन सुखरूप चालत बाहेर आला. शंकेला याहून चांगले उत्तर कोणते असणार?

केवळ नवा पदार्थ पुरेसा नव्हता. १९९४ मध्ये इटलीतच इमोला येथे ३० एप्रिलला रोलंड रॅट्झेनबर्गर आणि दुसऱ्याच दिवशी विश्वविजेता आयर्टन सेना यांचा मृत्यू झाला. त्यानंतर या खेळाचे नियमन करणाऱ्या ‘एफआयए’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने मेंदूशल्यचिकित्सक सिड वॉटकिन्स यांच्या नेतृत्वाखाली तज्ज्ञांची समिती नेमून सुरक्षिततेचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. पट्ट्यांनी धड जखडलेले असता डोके पुढे झेपावते आणि कवटीचा तळ भंगतो. त्यावर अमेरिकेतील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी खांद्यावर बसणारे, शिरस्त्राणाला दोरांनी जोडलेले ‘हान्स’ हे साधन १९८० च्या दशकातच तयार केले होते. ते अडचणीचे वाटते म्हणून चालक वापरीत नसत. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचे झाले. मधल्या वर्षांचा हिशेब कोणी मांडायचा?

धोका चालकापुरताच नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. २००० मध्ये मोन्झा व २००१ मध्ये मेलबर्न येथे निसटलेल्या चाकांच्या आघाताने प्रत्येकी एक मार्गसेवक मृत्यू पावला. चाके मोटारीला बळकट दोरांनी बांधण्याचा नियम त्यापूर्वीच झाला होता. पुढे तो अधिक कडक करण्यात आला.

चालकाच्या डोक्याभोवतीचे टायटॅनियमचे कडे २०१८ मध्ये आले. त्याला ‘हेलो’ म्हणतात. आपल्याकडे देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते, त्याच अर्थाचा हा शब्द. वजन जेमतेम सात ते नऊ किलो, परंतु चाचणीत त्याला सुमारे बारा टनांचा भार पेलावा लागतो. हे कडे कुरूप आहे, खेळाचे स्वरूप बिघडवते, अशी ओरड पुष्कळ झाली. विरोध करणाऱ्यांत ग्रोजाँही होता. बहरीनमध्ये कठड्याची पोलादी पट्टी त्याच्या डोक्याऐवजी या कड्यावर आली. रुग्णालयातून त्याने आपले मत बदलल्याचे जाहीर केले.

महासंघाने या अपघाताची चौकशी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले. इंधनाच्या टाकीवरील तपासणीचे झाकण निखळले आणि इंजिनाकडे जाणारी इंधनाची जोडणी टाकीपासून तुटली, असे त्यात आढळले. चालक वाचला म्हणून चौकशी आटोपती घेतली गेली नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

चाचणी उत्तीर्ण झालेली रचनाही प्रत्यक्षात अपुरी ठरू शकते. ३ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे झोउ ग्वान्यू या चिनी चालकाची मोटार उलटली. मोटार उलटल्यास डोके जमिनीपासून वर राहावे यासाठी चालकाच्या मागे जी कमान असते, ती नियमांप्रमाणे तपासलेली असूनही कोसळली. घसरत्या मोटारीची कमान जमिनीत रुतली होती. झोउ वाचला तो हेलोमुळे. २०२३ च्या नियमांत कमानीचा माथा रुतू नये म्हणून गोलाकार करण्यात आला आणि तिला पुढच्या दिशेने रेटून पाहणारी नवी चाचणी घालण्यात आली.