गिऱ्हाईक देवाचे विचारते तेव्हा
कळंब-वालचंदनगर परिसरातील आपली मुले-मुली दुकानात, बँकेत, दवाखान्यात काम करतात. आषाढीच्या सुमारास तुकोबांची पालखी इंदापूर तालुक्यातून जाते, तेव्हा गिऱ्हाईक सहज विचारते, “एकादशी धरणार ना?” १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्याने काय म्हणावे? “हो” म्हटले तर चौथे शील मोडते. वाद घातला तर समोरचा दुखावतो, कामही अडते. आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, एवढेच म्हणा: “मी धरत नाही. तुम्हाला काय दाखवू?” वाणी सत्य, हितकर आणि वेळेवर असावी, ही बुद्धांची शिकवण, कोणी विचारले नसताना प्रतिज्ञा ऐकवणे वेळेवर नव्हे. पुष्कळदा मात्र प्रश्न देवाचा नसतोच, जातीचा असतो. तिथे मान खाली न घालता सांगावे, “मी बौद्ध”, आणि बिल करायला घ्यावे.