उकिरडा आणि खताचा खड्डा

घर तेथें उकिरडा, हा आपल्या गांवांतील नेम फार जुना आहे. केर, राख, भाजीचीं देठें, गुरांच्या पुढ्यांतील उष्टावळ व शेण परसांत एका जागीं टाकावयाचें आणि उन्हाळ्यांत गाडी भरून शेतांत न्यावयाचें, ही वडिलांची रीत. ह्या रीतींत घरचें कांहीं वायां जात नाहीं असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. उघड्या उकिरड्यावरील शेणांतला नत्र उन्हानें वायुरूप होऊन उडून जातो, विरघळणारीं द्रव्यें पावसाबरोबर ओढ्यास मिळतात, आणि मागें उरतें तें बहुधा अर्धेंकच्चें खत. त्याबरोबर तणांचें बीं व हुमणीच्या अळ्या शेतांत जातात. शिवाय न कुजलेला काडीकचरा जमिनींत कुजूं लागला कीं सूक्ष्म जंतू आपल्या वाढीसाठीं जमिनींतलाच नत्र ओढून घेतात व उभें पीक पिवळें पडतें.

ह्यांत आज एका नव्या संकटाची भर पडली आहे. वडिलांच्या उकिरड्यांत पडे तें बहुतेक सर्व कुजणारें असे. आज दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या कांचा, दाढीचीं पातीं व विजेरीचे सेल त्याच ढिगांत जातात. अन्नाच्या वासानें गाय पिशवी गिळते आणि पोटांत गोळा होऊन दगावते. कांच खतावाटे शेतांत जाऊन खुरपणाऱ्या बायांच्या हातापायांत शिरते. म्हणून पहिलें काम खड्डा खणणें हें नसून केर घरांतच निवडणें हें होय. कुजणारा केर एका भांड्यांत. कागद, लोखंड, कांच व प्लास्टिक भंगारवाल्यासाठीं दुसऱ्या भांड्यांत. सेल, पातीं व जुनीं औषधें मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशीं निराळीं ठेवावीं. प्लास्टिक जाळूं नये. त्याचा धूर विषारी असतो. कीटकनाशकाची रिकामी बाटली तीन वेळां धुवावी, धुण्याचें पाणी फवारणीच्या पंपांतच ओतावें, बाटलीस भोंक पाडावें व ती घरकामास कधींही वापरूं नये.

आतां खताची कृति. इंदूर येथील संशोधनसंस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं प्रयोग करून १९३१ सालीं ग्रंथरूपानें जी रीत मांडली, ती ‘इंदूर पद्धति’ होय. घरापुरती ती पुढीलप्रमाणें करावी :

(१) विहिरीपासून दूर, उंचवट्याच्या जागीं १० फूट लांब, ५ फूट रुंद व ३ फूट खोल खड्डा घ्यावा. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांचतें, सबब त्या दिवसांत जमिनीवरच ढीग रचावा.

(२) सुका पाचोळा व घरचा केर यांचा सहा इंचांचा थर द्यावा. त्यावर शेणकाला, गोठ्यांतील मूत मुरलेली माती व थोडी राख टाकावी. असे थरावर थर रचावे.

(३) ओल इतकीच असावी कीं मूठभर माल पिळला असतां हात ओला व्हावा, पण पाण्याची धार लागूं नये.

(४) पंधरा दिवसांनीं, पुन्हां पंधरा दिवसांनीं, व दुसरा महिना संपतांना, असा तीन वेळां ढीग उलटावा.

आंत लोखंडी गज खुपसून कांहीं वेळानें काढावा. तो चांगला तापलेला लागला म्हणजे काम नीट चाललें आहे. ह्याच उष्णतेनें तणांचें बीं मरतें. गज थंड लागला तर पाणी किंवा शेण कमी पडलें. घाण सुटली तर पाणी जास्त झालें व हवा खुंटली. तीन ते चार महिन्यांत खत काळें, भुसभुशीत व मातीच्या वासाचें होतें.

आतां हिशेब पाहूं. चांगल्या शेणखतांत शेंकडा सुमारें अर्धा भाग नत्र असतो. म्हणजे पांच हजार किलो खतांत २५ किलो नत्र झाला. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यांत तो सुमारें २१ किलो असतो. एवढ्या कष्टानें सव्वा पोतेंच मिळालें, असें कोणी म्हणेल. परंतु युरियानें जमिनीची ओल धरण्याची शक्ति वाढत नाहीं. ती कुजलेल्या खतानें वाढते, आणि स्फुरद, पालाश हीं त्याबरोबर येतात तीं निराळींच. पाऊस ओढ देतो तेव्हां ह्या ओलीची किंमत कळते. सबब वरखत बेतानें विकत घ्यावें, पण जमिनीचा मूळ आहार घरांतून दररोज बाहेर पडतो, तो दारांतच वायां घालवूं नये.