नव्या रायफलची परीक्षा

प्रश्न : मुलीसाठी नवी .२२ रायफल घेतली. ५० मीटरवर गोळ्या फार पसरतात. रायफलच सदोष असेल का?

उत्तर : दुकानदाराशी एवढ्यात भांडू नका. आधी गोळ्या तपासा. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो, आणि कुठल्या बॅरलला काय मानवेल हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. वारा पडलेला असताना रायफल टेकूवर ठेवून प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या झाडा. मध्येच साइटला हात लावू नका. लॉट बदलल्यावरच्या पहिल्या काही गोळ्या मोजायच्या नाहीत. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळीच ५.६ची, चुकायला जागा ती किती! सगळेच लॉट पसरले, तर स्टॉकचे स्क्रू ढिले नाहीत ना, ते पाहा. मुलीला बोल लावायचा तो त्यानंतर.