प्रवाळाची पारख : जुना की आजचा?

शोभेच्या दगडांच्या धंद्यात पडणाऱ्या बांधवांनी प्रवाळाची पारख आधी शिकावी. अंगठीतला तांबडा मरजान वेगळा; आम्ही समुद्रात खडक बांधणाऱ्या प्रवाळाबद्दल लिहीत आहोत. आपल्या देशात 2001 पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचा व्यापार गुन्हा ठरतो. कोणी ‘जीवाश्म’ म्हणून आजचा माल गळ्यात मारला, तर भांडवल जाते आणि अब्रूही.

प्रथम वजन पाहावे. आजच्या प्रवाळाचा सांगाडा बहुधा पांढरा, सच्छिद्र व हलका असतो. जीवाश्माची छिद्रे बहुतेक वेळा खनिजाने भरलेली असतात. तो जड लागतो, रंग करडा वा तपकिरी.

मग आपले सूत मोजायचे भिंग लावावे. खळग्यातले पडदे चारच्या हिशेबाने वाढलेले असतील, तर ते सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या रुगोसा गटाचे. अमेरिकेतील मिशिगनचा पेटोस्की दगड याच गटातला. पडदे सहाच्या पटीत असले, तर मात्र माल जुनाही असू शकतो, आजचाही.

लिंबाच्या थेंबाने बुडबुडे आले, तरी निकाल लागत नाही. चुन्याचा जीवाश्मही तसाच वागतो. बुडबुडे नाहीत आणि काचेवर ओरखडा उठतो, तर ते गारगोटी झालेले जुने प्रवाळ समजावे.

एका खुणेवर सौदा करू नये. शंका उरली तर भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवावे, नाहीतर माल सोडावा. ऐब लपवून केलेल्या विक्रीत बरकत नसते.