हवामान-वित्ताची उमेदवारी आणि वालधुनीचा काठ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करासाठी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर तेथे सिंधमधील निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीस उल्हासनगर हे नाव लाभले. छावणीचे पाच भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांपैकी विठ्ठलवाडी स्थानकालगतच्या कॅम्प ४ मध्ये सिंधी व्यापाऱ्यांच्या शेजारी लालचक्की, सुभाष टेकडी अशा भागांत मराठी कष्टकऱ्यांचीही मोठी वस्ती आहे. या घरांतील मुलेमुली आता पदवी आणि त्यापुढील शिक्षण घेऊ लागली आहेत. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यांपुढे हवामान-वित्त व पर्यावरणीय जोखीम यांच्या अभ्यासाचे क्षेत्र खुले झाले आहे. आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये या विषयाची उमेदवारी, म्हणजेच इंटर्नशिप, करता येते. ही उमेदवारी म्हणजे काय आणि तिचा आपल्या गावाला कोणता उपयोग, हे शिक्षक व लोकप्रतिनिधींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

हवामान-वित्त म्हणजे काय?

तापमानवाढीस कारण ठरणारे वायू कमी करणे आणि बदललेल्या हवामानास तोंड देण्याची तयारी करणे, अशा दोन कामांसाठी लागणारा पैसा म्हणजे हवामान-वित्त. पहिल्यास शमन व दुसऱ्यास अनुकूलन म्हणतात. विकसित देशांनी विकसनशील देशांना यासाठी साहाय्य द्यावे, हे तत्त्व १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात मान्य झाले. २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन २००९ मध्ये कोपनहेगन येथे देण्यात आले. ते प्रत्यक्षात उतरण्यास २०२२ साल उजाडावे लागले. २०२४ च्या बाकू परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले.

हा पैसा थेट नगरपालिकेच्या तिजोरीत येत नाही. दक्षिण कोरियात मुख्यालय असलेल्या हरित हवामान निधीकडे मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच प्रस्ताव जातो. भारतात नाबार्डला २०१५ मध्ये अशी मान्यता मिळाली. महाराष्ट्राला हा विषय अपरिचित नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला हवामान अनुकूल कृषी प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातील हजारो गावांत पोहोचला. हरित हवामान निधीच्या किनारपट्टी प्रकल्पात सिंधुदुर्गाचा समावेश झाला.

उमेदवार काय शिकतो?

उमेदवाराच्या वाट्यास बहुधा टेबलावरचे काम येते. प्रस्ताव वाचणे, पावसाच्या नोंदी व नुकसानीचे आकडे जुळवणे, प्रकल्पामुळे कोणाचे घर वा रोजगार जाईल काय हे तपासणे, असे त्याचे स्वरूप असते. या कामाचा पाया म्हणजे जोखमीचे गणित. संकट, संकटाच्या वाटेवर असलेली माणसे व मालमत्ता, आणि त्यांची दुर्बलता अशा तीन गोष्टी मिळून जोखीम ठरते.

समजा, नदीकाठी १०० घरे आहेत. पूर आला की प्रत्येक घराचे २०,००० रुपयांचे नुकसान होते. म्हणजे एका पुरात २० लाख रुपये गेले. असा पूर पाच वर्षांतून एकदा येत असेल, तर वार्षिक सरासरी हानी ४ लाख रुपये होते. तोच पूर चार वर्षांतून एकदा येऊ लागला, तर ती ५ लाख होते. पूर रोखणाऱ्या कामास ४० लाख खर्च येणार असेल, तर तो पूर्वी दहा वर्षांत भरून निघाला असता. आता आठ वर्षांतच निघेल. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. परंतु आर्थिक साहाय्य मागताना असाच हिशेब मांडावा लागतो. घरे किती आणि पाणी कोठवर चढले, याची नोंद नसेल तर हिशेब पहिल्याच पायरीवर अडतो.

वालधुनीचा धडा

हे गणित कॅम्प ४ च्या विद्यार्थ्यास परके नाही. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी नदी प्राचीन शिवमंदिराजवळून उल्हासनगरात येते व पुढे कल्याणजवळ खाडीस मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हास खोऱ्यातील बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांना तडाखा दिला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली व हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तळमजल्यावर शिलाईयंत्र मांडून पोट भरणाऱ्या कुटुंबाच्या घरात पाणी शिरले, की घराबरोबर रोजगारही बुडतो. भाडेकरूच्या नावे कागद नसेल, तर त्याचे नुकसान मोजलेच जात नाही.

येथे जोखीम केवळ पुराची नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीत रसायन सोडल्यामुळे निघालेल्या विषारी वायूने शेकडो नागरिक बाधित झाले. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत उल्हासनगर व बदलापूर ही दोन्ही नावे आहेत. मात्र रसायन सोडणाऱ्याची जबाबदारी हवामान-वित्ताने उचलावी, अशी अपेक्षा करता येत नाही. तेथे ‘प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हेच तत्त्व लागू पडते. जीन्स धुलाईचे कारखाने बंद करण्याची कारवाई झाली, तेव्हा अनेक हातांचे काम गेले, हेही विसरता येत नाही. पर्यावरणाचे रक्षण व कामगाराचे पोट या दोहोंचा विचार एकाच कागदावर मांडणे, हाच या अभ्यासाचा खरा कस होय.

पूर्वतयारी

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातील उमेदवारी दोन ते सहा महिन्यांची व विनावेतन असते. निवास-प्रवासाचा भारही उमेदवारावरच पडतो. जागतिक बँक मात्र मोबदला देते. गरीब घरातील विद्यार्थ्यास हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी. इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र व नकाशावाचन यांची तयारी महाविद्यालयातच व्हावयास हवी.

तथापि उमेदवारी मिळो वा न मिळो, पहिला पाठ घराजवळच गिरवता येतो. शिक्षकांनी मुलांकडून शाळेत पर्जन्यमापकाच्या दैनिक नोंदी ठेवून घ्याव्यात. प्रभागात व ग्रामपंचायतीत प्रत्येक पुरानंतर पाण्याची पातळी भिंतीवर खुणेने दाखवावी. बाधित घरे, भाडेकरू, बुडालेले कामाचे दिवस व आजार यांची एक वही राखावी. अशी वही दहा वर्षे नेमाने लिहिली गेली, तर उद्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या टेबलावर बसलेल्या कॅम्प ४ च्या उमेदवारास आपल्या गल्लीचा हिशेब मांडता येईल. ज्या घराची नोंदच नाही, त्याच्यासाठी मदत मागायची तरी कशाच्या आधारे?