जुन्या कॉम्प्युटरचा निकाल लावण्याआधी

अगं, भंगारवाला पुन्हा दारात आला तर त्याला सरळ सांग, ताईशी बोलल्याशिवाय काही द्यायचं नाही. दुकानदार म्हणाला, "यावर विंडोज ११ चढत नाही, नवीनच घ्या," आणि जावईबापूंनी लगेच मान डोलावली, एवढ्यावर तू तो कॉम्प्युटर अंगणात काढून ठेवलास. थोडी थांब. चहा कर, बस, आणि माझं ऐक.

दुकानदार खोटं बोलला नाही, हे आधी मान्य करू. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुझा आहे कोअर टू ड्युओ. आपल्याकडे बुलढाणा, चिखली, खामगाव, मेहकर, कुठेही जा, एमएस-सीआयटीच्या लाटेत घराघरांत आलेले कॉम्प्युटर साधारण याच वयाचे. ते विंडोज ११ च्या दारात उभेसुद्धा राहू शकत नाहीत. पण आधार संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात, म्हणून त्यावर बँकेचं काम करणं धोक्याचं होतं. दोष विंडोजच्या मुदतीचा आहे, तुझ्या मशीनचा नाही. म्हणून मशीन तेच ठेवायचं आणि त्यावर लिनक्स टाकायचं.

लिनक्स म्हटलं की तुला काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दिसतात, मला माहीत आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी वाढवलं. तुझ्या हातातला अँड्रॉइड मोबाइल त्याच गाभ्यावर चालतो, म्हणजे तू कैक वर्षं लिनक्सच वापरते आहेस. विकत घ्यावं लागत नाही, चोरीची सीडी लागत नाही, आणि मेनू, खिडक्या, फोल्डर सगळं ओळखीचं असतं.

पण लिनक्स चालणं वेगळं आणि मशीन कामाला येणं वेगळं. दिमित्री ग्रिनबर्ग नावाच्या एका गड्याने २०२४ मध्ये इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ या चिपवर लिनक्स चालवून दाखवलं. सुरू व्हायला पावणेपाच दिवस लागले! कौतुक आहेच, पण तेवढ्यात आपली लोणार-सिंदखेडराजा-शेगाव अशी सगळी वारी होऊन परत यायचं. म्हणून "यावर लिनक्स चालेल का?" असं विचारू नकोस. "यावर मला काय करायचंय?" असं विचार. पोळ्याला आपण म्हाताऱ्या बैलालाही सजवतो, पण औताला जुंपत नाही. या मशीनचंही तसंच, झेपेल तेवढंच काम द्यायचं.

आता ओळख करून घे. सध्याच्या विंडोजमध्ये "धिस पीसी"वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघड आणि दोन गोष्टी वहीत लिही: रॅम किती, आणि प्रोसेसर कोणता. सिस्टिम टाइपपुढे प्रोसेसर ६४ बिटचा म्हणून दिसतो का, तेही बघ. विंडोज ३२ बिटचं असलं तरी आतला प्रोसेसर ६४ बिटचा असू शकतो. कोअर टू ड्युओ सगळे ६४ बिटचेच.

६४ बिट आणि ४ जीबी रॅम असेल तर डोळे मिटून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घे. ती हलकी आहे, विंडोजची सवय असलेल्याला परकी वाटत नाही, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. रॅम २ जीबीच असेल तर डेबियन घेऊन त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप निवड. आणि आपल्या काकांकडे आहे तसा खरोखर जुना पेंटियम ४, ३२ बिटचा आणि जेमतेम १ जीबी रॅमचा असेल, तर अँटिएक्स नावाचं अगदी कमी खाणारं लिनक्स आहे.

त्या ३२ बिटवाल्यांबद्दल मात्र मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. उबंटू आणि मिंट यांनी त्यांचा हात आधीच सोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ त्यांच्यावर नव्याने टाकताच येत नाही. डेबियन १२ हा शेवटचा थांबा. लिनक्सवरच्या ३२ बिट मशीनसाठी क्रोम २०१६ लाच बंद झालं आणि फायरफॉक्सनेही २०२५ च्या अखेरीस नव्या आवृत्त्या थांबवल्या. म्हणजे तसल्या मशीनचा इंटरनेटचा काळ सरला. लिहिणं, हिशेब, जुनी गाणी, मुलांचे खेळ, एवढ्यासाठी ते ठेवावं.

आणि हेही ऐकून ठेव, लिनक्स स्वतः फार रॅम खात नाही, खातो तो ब्राउझर. आजची एकेक वेबसाइट एवढी जड झाली आहे की २ जीबीच्या मशीनवर चार टॅब उघडले की पाचव्याला धाप लागते. एका वेळी एक-दोनच टॅब ठेवायची शिस्त लाव. सातबारा बघणं, अर्ज भरणं, ईमेल, एवढं सुखाने होतं.

काही घरांत मात्र लिनक्स टाकू नये. तुझी जाऊ सेवा केंद्र चालवते ना? तिथे अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा डोंगल लागतो, त्यांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजला धरूनच असतात. टॅलीवर दुकानाचे हिशेब असतील तरी तेच. तिच्या मशीनला हात लावू नकोस. प्रिंटरचंही आधी बघ. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर गुमान चालतात, एखाद्याला जास्तीचं प्लगइन उतरवावं लागतं. पण आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तो कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर घाम काढतो. तो असेल तर मन घट्ट करूनच सुरुवात कर.

आता जपायच्या गोष्टी. फोटो, मार्कशीट, आधारच्या स्कॅन केलेल्या प्रती, सगळं पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी ठेव. आणि बाबांनी श्रीलिपीत टाइप केलेली पत्रं, ग्रामपंचायतीचे अर्ज आहेत ना, ते नुसते कॉपी करून भागणार नाही. ते फॉन्ट युनिकोडचे नाहीत. दुसरीकडे उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून विंडोज चालू आहे तोवर त्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेव. हे काम कंटाळवाणं आहे, पण नंतर हळहळण्यापेक्षा बरं.

मग कॅबिनेट उघड. भिऊ नकोस, वायर आधी काढलेली असली की काही होत नाही. घाटाखालची तुमची धूळ आणि तो उन्हाळा, आत पंख्यावर केवढा थर असेल! मऊ ब्रशने साफ कर. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवरून खोडरबर हलकेच फिरव; "चालू होतो पण डिस्प्ले येत नाही" ही तक्रार कितीदा तेवढ्यानेच जाते. बोर्डावर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, तो नवा टाक. तो गेला की मशीनची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला "असुरक्षित" म्हणतो. लोक मग इंटरनेटला शिव्या देतात. मात्र एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही, आणि मॉनिटर जुना काचेचा असेल तर त्याचं झाकण मुळीच काढू नकोस. बंद असतानाही त्यात वीज साठलेली असते.

खर्च करायचाच असेल तर पहिला पैसा एसएसडीवर घाल. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा एसएसडी लावली की मशीनचा नूर पालटतो; रॅम वाढवण्याआधी हे कर. यात दुसरा फायदाही आहे. जुनी हार्ड डिस्क काढून, कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची. लिनक्स नव्या डिस्कवर जाणार, जुनं सगळं जसंच्या तसं सुरक्षित. नाहीच जमलं तर ती पुन्हा लावली की तुझं विंडोज परत. रॅम रिपेअरवाल्याकडे जुनी मिळते, पण त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर ४ जीबीच्या पुढे जागाच नसते, हे विचारून घे. एसएसडी आणि रॅम यांच्या पलीकडे एक रुपयाही नाही. बोर्ड गेला असेल तर तिथेच थांबायचं.

मिंटची आयएसओ फाइल ३ जीबीच्या आसपास असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती अर्ध्यात लटकते, म्हणून माझ्याकडे ये किंवा कुणाच्या तरी वायफायवरून उतरव. साइटवर त्या फाइलच्या शेजारी एक लांबलचक आकडा दिलेला असतो, तो उतरवलेल्या फाइलशी जुळतो का ते तपास. फाइल अर्धवट उतरली असेल तर तिथेच कळतं. मग ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घे आणि रूफस किंवा बलेना एचर वापरून तो बूटेबल कर. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. मशीन सुरू करताना एफ १२, एफ ११, एफ ८ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे यातलं एखादं बटण दाबलं की कुठून सुरू व्हायचं ते विचारतं, तिथे पेनड्राइव्ह निवड. फार जुनं मशीन पेनड्राइव्ह ओळखत नसेल तर डीव्हीडीवर लिही.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, काहीही न पुसता. तिथे अर्धा दिवस खेळ. आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, प्रिंटर सापडतो का, सगळं बघ. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू कर. बहुतेक वेळा लिनक्स काही न विचारता इंटरनेट धरतं. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, त्यावरून निकाल लावू नकोस. मनासारखं वाटलं तरच पडद्यावरचं इन्स्टॉलचं चिन्ह दाब. "इरेज डिस्क" असा पर्याय येईल, तिथे हात थांबव आणि समोर नव्या एसएसडीचंच नाव आहे ना ते वाच. लाइट जायची वेळ टाळ, नाहीतर यूपीएस लाव. जो पासवर्ड देशील तो वहीत लिही; लिनक्स तो वारंवार मागतं.

इन्स्टॉल करताना भाषा इंग्रजीच ठेव, हे माझं मत. डेबियनमध्ये मराठीही निवडता येते, पण अडचण आली की मदत शोधताना इंग्रजी शब्दच कामी येतात. टायपिंग मात्र मराठीत हवंच. सेटिंगमध्ये आयबस घालून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, सवय असेल ते घे. लिब्रेऑफिसमध्ये तुझ्या बचत गटाचा हिशेब सुरेख बसेल. पोरांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट टाक, दोन्ही फुकट आणि जाहिरातीविना. काही अडलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे मराठी आवाजातले धडे आहेत, ते लाव आणि थांबवत थांबवत बघ.

एवढं करूनही मशीनने मान टाकली, तर भंगारात देण्याआधी हार्ड डिस्क काढून घे. फॉरमॅट मारलेल्या डिस्कवरूनही माहिती परत काढता येते. बाकीचं ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडेच जाऊ दे. तारा जाळून तांबं काढणाऱ्याकडे नको.

आणि शेवटचं, जरा मनातलं. आपल्या घरांत कॉम्प्युटर नेहमी कुणाचा तरी असतो: आधी दादाचा, मग जावईबापूंचा, आता पोरांचा. आपण फक्त त्याच्यावरची धूळ पुसतो. हे मशीन आता कुणालाच नको आहे, मग ते तू घे. बिघडलं तर रागवायला कुणी नाही, आणि जुनी डिस्क कपाटात आहे तोवर गमावण्यासारखंही काही नाही. येत्या रविवारी कुणाची वाट न बघता तूच कॅबिनेट उघड. अडलीस तर फोन कर, पण मला बोलवू नकोस. मी आले तर सगळं मीच करून टाकीन, आणि मग तो कॉम्प्युटर माझा होईल.