शेजारच्या बेडवरून

डायलिसिस ठरलं की डॉक्टर जेवढा वेळ मिळेल तेवढा बोलतात. मग आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार-चार तास, आपण आणि मशीन. त्या तासांत जे कळत जातं ते बरंचसं शेजारच्या बेडवरून कळतं. मी अकोल्याच्या जठारपेठेत राहते, शाळेत शिकवत होते. मी जाते त्या केंद्रावर माझ्या एका बाजूला बाळापूर तालुक्यातले शेतकरी दादा असतात, दुसऱ्या बाजूला दर्यापूरकडच्या काकू, आणि समोर तेल्हाऱ्याचा बी.कॉम. करणारा मुलगा. ही तिन्ही गावं पूर्णेच्या खोऱ्यातली, खारपाणपट्ट्यातली. श्रावणात राजराजेश्वराला कावड येते ती गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी घेऊन. त्याच खोऱ्यातल्या कित्येक विहिरी आणि बोअर इतक्या खाऱ्या की, दादांच्या शब्दांत, "दायच शिजत नाही, ताई."

आमच्यापैकी कोणी डॉक्टर नाही. तरी नवा माणूस घाबरून आत आला की आम्ही त्याला जे सांगतो, ते इथे मांडते.

१. हातावरचं ऑपरेशन पुढे ढकलू नका

किडनी पुढे काम करणार नाही असं दिसू लागलं की डॉक्टर फिस्टुला करून घ्यायला सांगतात. हाताची धमनी आणि शीर जोडायची, म्हणजे शीर जाड होते आणि सुया तिथे टोचता येतात. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ही रीत मांडली, आणि आजही तिच्याहून चांगली वाट नाही. पण शीर तयार व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. 'आत्ताच कशाला' म्हणत थांबलेला माणूस शेवटी मध्यरात्री दम लागून दवाखान्यात येतो, मग मानेत नळी घालावी लागते. त्या नळीतून जंतुसंसर्गाची भीती सतत राहते.

फिस्टुला झाला की त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, जड पिशवी नाही, घट्ट घड्याळ नाही. रोज सकाळी उठल्यावर बोट ठेवून आतली थरथर तपासायची. ती लागली नाही तर संध्याकाळची वाट न बघता फोन करायचा.

बायकांना इथे एक अडचण येते ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. बांगड्या काढायच्या. मूर्तिजापूरची एक नवी सून याच कारणाने रडवेली झाली होती. घरात वडीलधाऱ्यांना रिकामा हात चालत नव्हता. दर्यापूरच्या काकू तिला म्हणाल्या, "दोन्ही हाताच्या उजव्यात घाल, माय. पन हा हात जप." पुढच्या खेपेला ती भरगच्च उजवा हात घेऊन आली, आणि घरात पुन्हा विषय निघाला नाही.

२. तहानेशी मिठापासून लढा

अकोल्याचा मे महिना ज्याने काढला त्याला वेगळं सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हामुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उन्हात, जिथे पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या देतात त्या मुलखात, मोजून पाणी प्यायचं. डायलिसिसच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, सुयांपेक्षाही अवघड. ज्याची लघवी जवळपास बंद झाली आहे त्याने प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. पायावर, चेहऱ्यावर आणि शेवटी फुप्फुसात. दोन डायलिसिसच्या मध्ये जास्त वजन आणलं की मशीनला ते चार तासांत ओढून काढावं लागतं. मग बीपी कोसळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि घरी गेल्यावर माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत उठत नाही.

किती प्यायचं हा आकडा ज्याचा त्याचा. लघवी किती होते ते बघून डॉक्टर तो ठरवतात, म्हणून माझा इथे लिहीत नाही. तो पाळायचा कसा, हे मात्र सांगता येतं.

पाण्याची इच्छा मनाच्या जोरावर रोखता येत नाही, मीठ कमी केलं तरच ती रोखता येते. ठेचा, लोणचं, पापड, कुरडया, शेव, फरसाण हे ताटात असेपर्यंत बाटली मोजून काही उपयोग नाही. भाकरीच्या पिठात मीठ घालणं बंद केलं की पंधरवड्यात जिभेला सवय होते. पहिले काही दिवस जेवण नकोसं वाटतं, ते धरून चला. मधुमेह असेल तर साखर वाढली तरी तहान वाढते, तीही बघा.

दुसरं, दिवसाचं पाणी सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचं. चहा, कढी, वरण, ताक, आमरस, आइस्क्रीम, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्याच हिशेबातलं. जेवढं बाहेरून घेतलं तेवढं बाटलीतून ओतून द्यायचं. गोळ्या शक्य तिथे जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या. पेला टाळून छोटी वाटी वापरायची. बर्फाचा खडा तोंडात धरला की घोटभर पाण्यापेक्षा जास्त वेळ पुरतो, पण तोही मोजायचा. चूळ भरून थुंकायची. दुपारी १२ ते ४ कूलरसमोर, बाहेर नाही. तेल्हाऱ्याचा मुलगा मोबाइलमध्ये रोजचं वजन लिहितो आणि आल्या आल्या आम्हाला दाखवतो. दादांनीही त्याच्याकडून हे उचललं, फक्त ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात.

३. संत्रं, केळी आणि 'कमी सोडियमचं मीठ'

वरुड-मोर्शीची संत्री, अकोटकडची केळी. आपल्या भागाची शान असलेली ही फळं आम्हाला जपून, बऱ्याचदा वर्ज्यच. त्यांत पोटॅशियम भरपूर असतं. किडनी ते बाहेर टाकू शकली नाही की त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो, आणि बाहेरून फार काही जाणवतही नाही. नारळपाणीही त्यातलंच. दवाखान्यात भेटायला येणारे नेमके हेच घेऊन येतात, म्हणून घरच्यांना आधी सांगून ठेवा. कमरख हे आंबट फळ तर किडनीच्या रुग्णाने तोंडातही घालू नये, त्यातलं द्रव्य मेंदूवर परिणाम करतं. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायच्या किंवा उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम बरंच उतरतं.

दुकानात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ बीपीवाल्यांसाठी चांगलं म्हणून आणलं जातं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. आणि सैंधव म्हणजे शेवटी मीठच.

४. शेजाऱ्याचं पथ्य उचलू नका

वरचं सगळं वाचून कोणी आपल्या काकांना लागू करायला निघाला असेल तर थांबा. ज्याचं डायलिसिस अजून सुरू नाही त्याला प्रथिनं कमी खायला सांगतात. ज्याचं सुरू झालं त्याची प्रथिनं मशीनबरोबर जातात, त्याला ती जास्त लागतात. एकाच घरातल्या दोन भावांना किडनीचा आजार असला तरी एकाला डाळ कमी आणि दुसऱ्याला अंड्याचा पांढरा भाग वाढवा, असं असू शकतं. ज्याची लघवी चांगली होते त्याने पाणी तोडलं तर उलट नुकसान.

म्हणून आमच्या बेडवर एक रेघ आखलेली आहे. गोळे आले तर पाय कसा ताणायचा, सुई टोचताना कुठे बघायचं, कुठली एसटी वेळेत पोचवते, कुठला कागद कोण मागतं, घरच्यांना कसं समजवायचं, हे खुशाल विचारा. गोळी वाढवू का, बीपीची बंद करू का, अमुक गावच्या वैद्याची पुडी घेऊ का, हे डॉक्टरांना. काही भस्मांमध्ये जड धातू असतात आणि ते उरलीसुरली किडनी खातात. एकमेकांचं क्रिएटिनिन विचारून बरं-वाईट ठरवणंही सोडा. मशीनवर आल्यानंतर तो आकडा अंगातल्या स्नायूंवर आणि मागचं डायलिसिस कधी झालं त्यावरही अवलंबून असतो. धडधाकट शेतकऱ्याचा आकडा मोठा आणि वाळून गेलेल्या म्हातारीचा लहान दिसला, म्हणून म्हातारी बरी नसते.

५. फाइल

रेशन कार्ड, आधार, सगळे रिपोर्ट तारखेनुसार, औषधांची चालू यादी. एवढं एका फाइलमध्ये, घरातल्या दोघांना ठाऊक असलेल्या जागी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे, प्रत्यारोपणही आहे. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला मोफत प्रवास आहे, रेल्वेत स्लीपरच्या तिकिटात रुग्णाला आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. कित्येक जण वर्षभर पूर्ण तिकीट काढून येतात कारण कोणी सांगितलेलं नसतं. दाखला मागायला संकोच करू नका.

६. किडनी कोण देणार, हे सगळ्यांना विचारा

भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आमच्या केंद्रातही तेच चित्र आहे. नवरा आजारी पडला की बायकोच्या तपासण्या दुसऱ्याच आठवड्यात सुरू होतात. बायको आजारी पडली की 'बघू' सुरू होतं. मूर्तिजापूरच्या त्या सुनेसाठी अजून कोणाचीही रक्तगटाची चिठ्ठीसुद्धा आलेली नाही. याचा मला राग येतो. देणाऱ्या बाईचं प्रेम खोटं नाही. पण तिला नाही म्हणायची मोकळीक होती का, हे कोणी विचारत नाही. प्रत्येक केंद्रात देणाऱ्याशी एकट्याने, घरचे बाहेर ठेवून बोललं गेलं पाहिजे.

१९९४ च्या कायद्याने जवळच्या नात्यातल्यांना देता येतं. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली, आणि रक्तगट न जुळणाऱ्या दोन जोड्यांनी आपसांत अदलाबदल करायची सोयही झाली. विदर्भात मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचं वाटप नागपूरच्या विभागीय समितीतून होतं. प्रत्यारोपणाला योग्य असाल तर नाव लवकर नोंदवा, रांग मोठी आहे. अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात सरकारी खर्चात प्रत्यारोपणं होतात, हे आपल्या भागातल्या किती जणांना माहीत आहे?

७. बेड रिकामा दिसला तर

एखाद्या दिवशी नेहमीचा माणूस येत नाही. सिस्टर काही बोलत नाहीत, चादर बदललेली असते. पूर्वी सगळे छताकडे बघत पडायचे. आता आम्ही विचारतो, नाव घेऊन बोलतो, आणि जमेल तो घरी जाऊन येतो. नव्या माणसासमोरही बोलतो. लपवलं तर तो एकटाच घाबरत राहतो.

तेल्हाऱ्याच्या मुलाने एकदा विचारलं, असं किती दिवस? मी त्याला जयप्रकाश नारायणांचं सांगितलं. १९७५ च्या नोव्हेंबरात कैदेतून सुटले तेव्हा किडन्या गेलेल्या होत्या. मुंबईच्या जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं. त्या अवस्थेत त्यांनी १९७७ ची निवडणूक उभी केली, आणि १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत जगले. यंत्रं तेव्हापेक्षा आज कितीतरी चांगली आहेत. त्याने बी.कॉम.चा दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरला.

८. घरातल्या बाकीच्यांचं काय

दादा म्हणतात आमच्या गावात किडनीचा आजार पाण्यानं होतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये खाऱ्या पाण्याचा प्रश्न घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पदयात्रा निघाली तेव्हा तेही काही अंतर चालले होते. गोड्या पाण्याची मागणी शंभर टक्के खरी आहे, आणि ती पाण्यासाठी म्हणूनच पूर्ण झाली पाहिजे. पण पाण्याकडे बोट दाखवून मधुमेह आणि बीपी विसरता येत नाहीत. जगभर किडनी जाण्याची सगळ्यात मोठी कारणं तीच दोन. आंध्रातल्या उद्दानममध्ये आणि मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांत हा आजार मधुमेह नसतानाही पसरला, तिथे कष्ट, ऊन आणि अंगातलं पाणी आटणं यांच्याकडे शास्त्रज्ञ लक्ष वेधतात. आपल्याकडेही भर मेमध्ये शेतात राबून, संध्याकाळी अंग दुखतं म्हणून दुकानातून दुखण्याची गोळी आणून खाणारे घरोघरी आहेत. उपाशी, घामाने आटलेल्या अंगावर ती गोळी किडनीला मारते.

दादांनी घरी जाऊन दोन्ही भावांना आणि मोठ्या मुलाला सोबत आणलं. लघवीतली प्रथिनं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, एवढ्या दोनच तपासण्या. धाकट्या भावाच्या लघवीत प्रथिनं निघाली, बीपीही वाढलेलं होतं, आणि त्याला तोपर्यंत कसलाच त्रास नव्हता. त्याची औषधं सुरू आहेत. जागतिक किडनी दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी येतो, त्या सुमारास बऱ्याच ठिकाणी या तपासण्या मोफत होतात. पण घरात एकजण मशीनवर असेल तर मार्चची वाट बघू नका, या आठवड्यातच भावंडांना घेऊन या.